पूर्वग्रह : परका आणि आपला



माणूस समोर येण्याआधीच त्याच्याविषयी ठरवून टाकलेले मत म्हणजे पूर्वग्रह. उदाहरणासाठी आपल्याला खानदेशाबाहेर जायला नको. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सदस्य म्हणून अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करायला इकडे आले होते. चाळीसगावी महारवाड्यात मुक्काम ठरला. पण स्टेशनवर एकही टांगेवाला त्यांना न्यायला तयार होईना. बॅरिस्टर असले तरी टांगेवाल्याच्या लेखी अस्पृश्यच! शेवटी आपल्या लोकांनी टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि टांगा हाकण्याची सवय नसलेल्या एकाच्या हाती लगाम दिला. नदीवरच्या फरशीवर कडेच्या दगडात चाक अडकले. बाबासाहेब दगडांवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत पडले.

‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. त्यात एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. महारवाडा पायी जाण्याच्या अंतरावर होता; पण साहेबांनी चालत जाणे म्हणजे अपमान, असे आपल्या लोकांनी मनाशी धरले होते. मानाचा विचार झाला, जिवाचा राहून गेला. दोन्ही समजुती सारख्या दोषी आहेत असे मी मुळीच म्हणत नाही. एक तुच्छतेतून आली होती, दुसरी प्रेमातून. पण तपासून पाहिली कोणीच नव्हती.

आता माझी गोष्ट. काही वर्षांपूर्वी नंदुरबारात मी विद्यार्थ्यांच्या एका खोलीची देखरेख करीत होतो. एका मुलाचे घड्याळ हरवले. मी कोणालाही न विचारता शहाद्याकडून आलेल्या पारधी मुलाची पेटी उघडायला लावली. का? तो पारधी होता म्हणून; दुसरे कारण नव्हते. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. माझ्या मनात मात्र तो चालूच होता. मी, रोज सम्मा दिठ्ठीवर बोलणारा!

घड्याळ संध्याकाळी नळाच्या कट्ट्यावर सापडले. मी माफी मागितली. तो काही बोलला नाही. पेटीतले कपडे पुन्हा घडी घालून ठेवत राहिला. महिन्याभरात खोली सोडून गेला. पुढे परीक्षेला बसला की नाही, मला कळले नाही.

यंदाच्या मदतीसाठी आलेले अर्ज आता आपल्यापुढे येतील. निवड समितीने पहिल्या वाचनाला आडनाव आणि गाव झाकून ठेवावे, अशी माझी सूचना आहे. आजच्या सभेतच तिचा निर्णय व्हावा. जयभीम.