ठाणें स्थानक : पहिला मुक्काम आणि रोजची वाट



शनिवार, ता. १६ एप्रिल १८५३ रोजीं दुपारीं साडेतीनच्या सुमारास मुंबईच्या बोरीबंदरहून २१ तोफांच्या सलामींत एक गाडी सुटली. साहिब, सिंध व सुलतान हीं तीन एंजिनें, १४ डबे आणि त्यांत सुमारें ४०० निमंत्रित पाहुणे. २१ मैल, म्हणजे जवळजवळ ३४ किलोमीटर, अंतर तोडून ती दीड तासाच्या आंत ठाण्यास पोंचली. हिंदुस्थानांत उतारूंसाठीं सुरू झालेल्या आगगाडीचा हा पहिला प्रवास. बोरीबंदरच्या त्या समारंभाचें वर्णन पुष्कळांनीं केलें आहे. परंतु ज्या गांवीं ती गाडी पोंचली, तेथील स्थानकाचा पुढील इतिहास अधिक बोधप्रद आहे.

हा लोहमार्ग मुळांत ठाण्यासाठीं घातलाच नव्हता. १८४५ सालीं मुंबईंत आगगाडीसाठीं जी मंडळी पुढें आली, तींत जगन्नाथ शंकरशेट व जमशेटजी जिजीभाई हे होते. १८४९ मध्यें विलायतेच्या पार्लमेंटनें ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीचा कायदा केला. कंपनीची दृष्टि घाटापलीकडील कापसावर होती. तो मुंबई बंदरांत आणावयाचा तर घाट चढणें प्राप्त होतें, आणि घाटाच्या वाटेवर ठाणें हा केवळ पहिला टप्पा होता. १ मे १८५४ रोजीं मार्ग खाडी ओलांडून कल्याणास गेला. पुढें १८६३ सालीं बोरघाट व १८६५ सालीं थळघाट सर झाला. शेवटच्या स्थानकाचा मान ठाण्याकडे जेमतेम एक वर्ष राहिला.

ठाणें हें कांहीं रेल्वेनें वसविलेलें गांव नव्हे. मराठ्यांनीं १७३७ सालीं पोर्तुगीजांपासून घेतलेला किल्ला, गांवांतील तलाव आणि जिल्ह्याची कचेरी यांमुळें त्याचें नांव सर्वश्रुत होतें. रेल्वेनें त्यास जी नवी गोष्ट दिली, ती म्हणजे मुंबईंत चाकरी करून रात्रीं आपल्या घरीं परतण्याची सोय. ती सोय विजेनें खरोखर सर्वांच्या आटोक्यांत आणली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी मुंबईंतील पहिली विजेची गाडी धांवली, आणि थोड्याच वर्षांत विजेच्या तारा ठाणें-कल्याण ओलांडून घाटावर पोंचल्या. विजेची गाडी सुटतांच वेग घेते व झटकन थांबते. जेथें स्थानकें जवळजवळ असतात, तेथें या गुणाचें मोल मोठें. शिवाय शेवटच्या स्थानकावर एंजिन सोडवून दुसऱ्या टोंकास जोडण्याचा खोळंबा तींत नाहीं. त्यामुळें गाड्या वाढल्या आणि गाड्यांमागोमाग घरेंही वाढलीं.

कापसासाठीं घातलेल्या वाटेवर माणसांची रीघ लागली, ती पुन्हां ओसरली नाहीं. प्रत्येक पिढींत मार्ग अपुरा पडला व त्यांत भर घालावी लागली. खाडीपलीकडे पारसिकचा डोंगर आहे. जुना मार्ग त्यास वळसा घालून मुंब्र्याकडून जात असे. १९१६ सालीं सुमारें १.३ किलोमीटर लांबीचा बोगदा होऊन गाड्यांस सरळ वाट मिळाली. फेब्रुवारी २०२२ मध्यें ठाणें व दिवा यांमधील पांचवी व सहावी मार्गिका पुरी झाली, आणि लांब पल्ल्याच्या गाड्या लोकल गाड्यांच्या वाटेंतून दूर करणें सोपें झालें. मेच्या अखेरीस, २०२४ सालीं, ६३ तासांचा खंड घेऊन पांचव्या क्रमांकाचा फलाट दोन ते तीन मीटर रुंद करण्यांत आला. दोनतीन मीटर ही केवढीशी गोष्ट, असें दूर बसणारास वाटेल. ऐन संध्याकाळीं मुलाचा हात धरून त्या फलाटावर उतरणाऱ्या बाईस तिची किंमत विचारावी.

तथापि वाट रुंद केली कीं गर्दी सरते, असें मात्र नाहीं. या स्थानकास जो खरा विसावा मिळाला, तो नव्या दिशेमुळें. पूर्वीं ठाण्याहून रेल्वेनें वाशीस जावयाचें तर आधीं मुंबईच्या रोखानें कुर्ल्यापर्यंत जावें लागे व तेथें गाडी बदलावी लागे. ज्याला मुंबईंत कांहींच काम नाहीं, तोही मुंबईच्या गर्दींत भर घाली. ९ नोव्हेंबर २००४ रोजीं ठाणें-वाशी मार्गावर उतारूंच्या गाड्या सुरू झाल्या आणि हा फेरा चुकला. पुढें याच वाटेनें नेरूळ व पनवेल येथेंही थेट गाड्या जाऊं लागल्या. मध्य रेल्वेची पहिली वातानुकूलित लोकलही जानेवारी २०२० मध्यें याच मार्गावर आली. आज ठाण्यास दहा फलाट आहेत. धिम्या व जलद लोकल, लांब पल्ल्याच्या गाड्या आणि नवी मुंबईकडील गाड्या यांचा तेथें मेळ पडतो. १८५४ सालीं जें मधलें स्थानक झालें, तें दीडशें वर्षांनीं पुन्हां एका मार्गाचें आरंभस्थान झालें.

एवढें होऊनही काम संपलेलें नाहीं. ९ जून २०२५ रोजीं ठाण्यापलीकडे मुंब्र्याजवळ, परस्परविरुद्ध दिशांनीं जाणाऱ्या दोन लोकल गाड्यांच्या दारांत लटकलेले उतारू खालीं पडले व त्यांतील कांहीं प्राणांस मुकले. सकाळची वेळ होती. डबा घेऊन कामावर निघालेलीं तीं माणसें. त्यानंतर दारें आपोआप मिटणाऱ्या साध्या लोकल गाड्या बनविण्याचें रेल्वेनें जाहीर केलें. दार मिटावयाचें तर आंत उभें राहण्यास जागा व खेळती हवा हवी, आणि जागेसाठीं आणखी गाड्या हव्या. हे उपाय एकमेकांस धरूनच केले पाहिजेत.

पहिल्या गाडीचा मान ठाण्यास इतिहासानें दिला. तो कोणी हिरावून घेणार नाहीं. परंतु स्थानकाची योग्यता त्याच्या पहिल्या दिवसावरून ठरत नाहीं. सकाळीं तेथून निघालेला मनुष्य संध्याकाळीं तेथेंच धडधाकट उतरतो कीं नाहीं, आणि उतरल्यावर घरच्या माणसांशीं दोन शब्द बोलण्याइतकें त्राण त्याच्या अंगीं उरतें कीं नाहीं, यावरून ती ठरते.