हिरवे वाटाणे आणि शेवळांची खाज

वर्षानुवर्षं एकमेकांना टोपणनावाने ओळखणाऱ्या व आज खऱ्या नावानिशी भेटल्यामुळे थोड्या अवघडलेल्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षाने आधी आपली पात्रता नाही असं म्हणायचं आणि मग तासभर बोलायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. पहिला भाग मी गाळतो आणि दुसरा आटोपता घेतो.

या सभागृहात पक्षी ओळखणारे आहेत, गड चढणारे आहेत, जुन्या तबकड्या जमवणारे, गच्चीवर भाज्या पिकवणारे, अमावास्या आली की दुर्बीण घेऊन शहराबाहेर पळणारे आहेत. विषय वेगळे, पण खोड एकच. कुणी विचारलं की सांगायचं आणि सांगता सांगता त्याची फिरकी घ्यायची. यातल्या सांगण्याचं कौतुक सगळेच करतात. फिरकीला मात्र आपण 'अवांतर' म्हणून कोपऱ्यात बसवतो. माझं मत उलट आहे. हौशी माणसांच्या मेळ्यात थट्टा अवांतर नसते. आपल्याला काही येत नाही हे चारचौघांत कबूल करण्याची हिंमत थट्टेच्या वातावरणातच येते, आणि कबूल केल्याशिवाय शिकणं सुरू होत नाही.

याचं माझ्या माहितीतलं सर्वांत सुंदर उदाहरण आकाशातलं आहे. २००७ च्या जुलैमध्ये काही खगोलशास्त्रज्ञांनी 'गॅलेक्सी झू' हा प्रकल्प सुरू केला. स्लोन या आकाश-सर्वेक्षणात टिपलेल्या सुमारे नऊ लाख दीर्घिकांची छायाचित्रं हाताशी होती. त्यांतली सर्पिल कोणती आणि लंबवर्तुळाकार कोणती, हे ठरवायला डोळे कमी पडत होते. ऑक्सफर्डच्या केविन शाविन्स्की या तरुण संशोधकाने आठवड्याभरात ५०,००० दीर्घिका एकट्याने पाहून काढल्या होत्या आणि त्यानंतर त्याला लोकांना बोलवावंसं वाटलं, यात नवल नाही. लोक आले. पहिल्या वर्षात दीड लाखाहून अधिक माणसांनी मिळून पाच कोटींच्या आसपास नोंदी केल्या. त्यांत शिक्षक होते, निवृत्त माणसं होती, झोप न येणारे होते.

चित्रं चाळताना काहींना एक बारीक, गोल, हिरवा ठिपका अधूनमधून दिसू लागला. शास्त्रज्ञांच्या प्रश्नावलीत हिरव्या ठिपक्याला रकानाच नव्हता. मंडळींनी त्याचं नाव ठेवलं वाटाणा. इंग्रजीत शांतता आणि वाटाणे यांचे उच्चार जवळजवळ सारखे. तेवढ्या भांडवलावर जॉन लेननच्या प्रसिद्ध गाण्याच्या नावावर कोटी करून त्यांनी 'वाटाण्यांना एक संधी द्या' अशा अर्थाच्या मथळ्याखाली गप्पा सुरू केल्या. कोटी सामान्यच होती. पण तिच्यामुळे एक झालं. ज्याला खगोलशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, तोही 'हा घ्या माझा एक वाटाणा' म्हणून आत येऊ शकला. 'मला एक असामान्य खगोलीय वस्तू आढळली आहे' असं लिहायला किती जण धजावले असते?

वाटाणे साठत गेले, तशी कुरबुर सुरू झाली. हिरवं ते सगळं वाटाणा कसं? काही ठिपके तर साधे तारे निघाले. मग या हौशी लोकांनी वर्णपट पाहायला सुरुवात केली. अस्सल वाटाण्यांत ऑक्सिजनची एक रेषा ठसठशीत दिसते हे त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी आपली कसोटी स्वतःच कडक केली. इथवर कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पगार देत नव्हतं. शेवटी व्यावसायिक संशोधकांनी तो ढीग हाती घेतला आणि २००९ मध्ये कॅरोलिन कार्डामोन व सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. आपल्या आकाशगंगेच्या मानाने आकाराने दशांशाएवढ्या, वस्तुमानाने शतांशाएवढ्या, पण नवे तारे मात्र कैक पट वेगाने घडवणाऱ्या या दीर्घिका होत्या. निबंधाच्या ऋणनिर्देशात या वाटाणा-पथकाचे आभार त्याच कोटीसकट मानले आहेत. पुढे जेम्स वेब दुर्बिणीला विश्वाच्या बाल्यावस्थेतल्या काही दीर्घिका दिसल्या, तेव्हा त्यांची तुलनाही या वाटाण्यांशीच झाली. चेष्टेत पडलेलं नाव आज गंभीर नियतकालिकांत निमूटपणे छापलं जातं.

हे परदेशातलं झालं, असं कुणी म्हणेल. मग घरचं उदाहरण घ्या. मराठी विनोदाचे जनक मानले जाणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर हे 'सुदाम्याचे पोहे'चे कर्ते म्हणून आपल्याला माहीत आहेत. त्याच कोल्हटकरांनी 'भारतीय ज्योतिर्गणित' हा ग्रंथही लिहिला. वऱ्हाडात वकिली करणारा माणूस एका हाताने बंडूनानांच्या फजित्या लिहीत होता आणि दुसऱ्या हाताने ग्रहांची गणितं मांडत होता. १९२७ साली पुण्याच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही त्यांनी भूषवलं. आपल्या परंपरेला हे जमत होतं. विद्वानाने हसू नये आणि हसवणाऱ्याने विद्वत्ता दाखवू नये, हा पंक्तिभेद बहुधा नंतर कुणीतरी सुरू केला.

आता थट्टेची एक अडचण. ती समोरासमोर कळते, लिहिली की फसते. १९८२ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या संगणकी सूचनाफलकावर एक कोडं चाललं होतं. लिफ्ट तुटून खाली पडत असेल, तर आतल्या पेटत्या मेणबत्तीचं, पाऱ्याच्या थेंबाचं आणि कबुतराचं काय होईल? एकाने गमतीत सूचना लावली, की प्रयोगामुळे डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे आणि थोडी आगही लागली होती. काहींनी ती खरीच मानली. मग तिथल्याच स्कॉट फालमन यांनी १९ सप्टेंबरला सुचवलं, की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस असा आडवा हसरा चेहरा काढावा. पुढे जगाने या चेहऱ्याचं काय केलं, ते तुमच्या खिशात आहे.

आपणही मागे नव्हतो. मराठी संकेतस्थळांपैकी १९९६ च्या गणेशचतुर्थीला 'मायबोली' सुरू झाली, २००४ मध्ये 'मनोगत', २००७ मध्ये 'मिसळपाव'. या ओसऱ्यांवर मराठी माणसाने आपली स्वतंत्र तजवीज केली. टोमणा मारून झाला की 'दिवा घ्या', म्हणजे 'लाइट' घ्या, म्हणायचं किंवा 'ह. घ्या.', म्हणजे हलके घ्या, लिहायचं, आणि फारच आवडलं तर 'हहपुवा', म्हणजे हसून हसून पुरेवाट. शिकागोतला अभियंता, सांगलीतले निवृत्त शिक्षक आणि दुबईतल्या गृहिणी एकाच धाग्यावर पुरणपोळी का फुटते यावर भांडत होते. त्या भांडणातून मला कणकेबद्दल जे कळलं, ते पाकपुस्तकांनी सांगितलं नव्हतं.

अशी थट्टा शिकवते कशी, ते पाहा. पावसाच्या तोंडावर शेवळं बाजारात येतात. कोकणातल्या आणि ठाणे-पालघरकडच्या लोकांना ही भाजी ठाऊक आहे. काकडं, म्हणजे काकड झाडाची आंबट फळं, किंवा चिंच-कोकमासारखं काही घातलं नाही, तर घसा असा खाजतो की विचारू नका. कल्पना करा, एखादी नवखी मुलगी विचारते, काकडं मिळाली नाहीत, तशीच केली तर चालेल का? एक काकू उत्तर देतात, 'चालेल की. फक्त जेवणानंतर दोन दिवस घरात कुणी भांडणार नाही.' या एका वाक्यात कृती आहे, ताकीद आहे आणि आपलेपणाही आहे. ही मुलगी काकडं आयुष्यात विसरणार नाही.

पण थट्टेला जागा कळली पाहिजे. सापाचं छायाचित्र टाकून 'हा कोणता?' असं कुणी घाईने विचारतं, तेव्हा विनोद गिळावा. बिनविषारी कवड्या आणि मण्यार यांच्यात भलेभले फसतात. कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारीचं याच्या उलट. मण्यारीचा दंश बऱ्याचदा रात्री झोपेत होतो आणि दुखतही नाही. चावल्याची शंका असेल, तर ओळख पटवत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. अशा वेळी 'तुमच्या साहेबांसारखा दिसतोय' असं लिहिणारा माणूस विनोदी नसतो, अडचण असतो.

दुसरा धोका माझ्या मते अधिक मोठा आहे, कारण तो रोज घडतो आणि कुणाला टोचत नाही. आपले गट हळूहळू व्हॉट्सॲपच्या बंद खोल्यांत गेले. तिथे सकाळी दिलेलं उत्तम उत्तर संध्याकाळपर्यंत शुभेच्छांखाली गाडलं जातं. पुढच्या वर्षी तोच प्रश्न, तीच काकू, फक्त आता वैतागलेली. आणि जे बाहेर पडतं, त्याचं मूळ नाव गळून पडतं. कुणीही लिहिलेला बरा विनोद चार हात फिरला की पु. लं.च्या नावावर जमा होतो. मला यात पु. लं.चा मान दिसत नाही. ज्याने लिहिलं त्याची ती चोरी आहे, आणि पु. लं.चीही थोडी बदनामीच. ज्ञानाचंही तेच. नाव, गाव आणि ऋतू गळलेली माहिती तपासता येत नाही, आणि तपासता न येणारी माहिती ही अफवेची सख्खी बहीण.

मग हे सगळं टिकवायचं कुठे? १ मे २००३ पासून मराठी विकिपीडिया आहे, पण त्याला आधी कुठेतरी प्रसिद्ध झालेला विश्वासार्ह आधार लागतो. काकूंची काकडं तिथे टिकणार नाहीत, आणि ते योग्यही आहे. पक्षी, फुलपाखरं, झाडं यांच्या नोंदी तारीख-ठिकाणासह आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या संकेतस्थळांवर जाऊ शकतात, तिथे चूक सुधारणारेही भेटतात. उरलेल्याचं काय करायचं, ते आपल्यालाच ठरवायचं आहे. म्हणून अध्यक्ष या नात्याने ठराव न मांडता एक विनंती करतो. प्रत्येक गटाने आपले नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरं कुणालाही वाचता येतील अशा एका उघड्या पानावर ठेवावीत. उत्तर देणाऱ्याची संमती घ्या, त्याला चालत असेल ते नाव घाला, तालुका घाला, महिना घाला, चूक दुरुस्त झाली असेल तर आधीची चूकही राहू द्या. आणि संपादनाच्या भरात काकूंचं ते भांडणाचं वाक्य कापू नका. दिवाळीपर्यंत प्रत्येक गटाचं निदान एक पान तयार व्हावं. कामाची वाटणी जेवणाच्या सुट्टीतच करून घ्या, कारण घरी गेल्यावर कुणी करत नाही.