हातात हुन्नर, मग पासपोर्ट

(दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)



आपल्या कोकणात घराघरांतून कुणी ना कुणी आखातात आहे. मीही गेलो होतो. दहावी झाल्यावर एजंटाला पैसे मोजले. त्याने ‘पाईप फिटर’चं काम सांगितलं, तिथे पोचल्यावर मिळालं हेल्परचं. दोन वर्षं मी एका वेल्डरमागे सिलिंडर वाहिले. ऊन दोघांना सारखंच, पगार मात्र त्याच्या निम्माही नाही. राग एजंटाचा आला. पण टेस्ट घेतली असती तर मी नापासच झालो असतो, हेही खरं होतं.

परत येऊन आयटीआयला बसलो. माझ्यापेक्षा लहान मुलांच्या शेजारी बसायची लाज वाटली. ती लाज मला फार स्वस्त पडली.

तेल आणि गॅसच्या धंद्यात पाईप वेल्डरची टेस्ट असते, सिक्स-जी. पाईप ४५ अंशांत तिरका, घट्ट बांधलेला. तो फिरवायचा नाही. आपणच वाकून, झोपून त्याच्या भोवती जोड द्यायचा. मग त्या जोडाचा एक्स-रे निघतो. पहिल्या खेपेला मी नापास झालो, दुसऱ्या खेपेला पास. नाव ऐकून दार बंद झाल्याचा अनुभव तुमच्यापैकी काहींना असेल. मी तो नाकारत नाही. पण एक्स-रेच्या फिल्मवर आडनाव दिसत नाही, जोड दिसतो.

ही कामं शिकायला फार लांब जायची गरज नाही. ‘मुंबई हाय’चं तेल १९७४ मध्ये सापडलं, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात. ओएनजीसीचा प्रकल्प आपल्या उरणला आहे, माहुलला भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्तान पेट्रोलियमच्या रिफायनऱ्या आहेत. तिथे लागतात फिटर, इलेक्ट्रिशियन, इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, केमिकल प्लांटचे ऑपरेटर. आयटीआयला वेल्डरचा कोर्स एक वर्षाचा, हे बाकीचे दोन वर्षांचे. मुलींनो, हे सगळे ट्रेड तुम्हालाही खुले आहेत.

आयटीआयनंतर ॲप्रेंटिसशिप करा. १९६१ च्या कायद्याप्रमाणे तीस किंवा जास्त कामगार असलेल्या आस्थापनेला ॲप्रेंटिस घ्यावेच लागतात. अर्ज सरकारी पोर्टलवर करायचा. करार होतो, दरमहा स्टायपेंड मिळतो, शेवटी परीक्षा आणि देशभर चालणारं प्रमाणपत्र. नोकरीची हमी मात्र नाही, हे आजच सांगतो. घरी आई म्हणेल, “एवढ्याशा पैशांत काय होणार? मामूचा मुलगा तर निघाला दुबईला.” तिला समजावा की हे वर्ष कमाईचं नाही, शिकायचं आहे.

आणि शिकायचं म्हणजे फक्त वेल्डिंग नाही. हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू असतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं, वास येईनासा होतो आणि माणूस समजतो धोका टळला. म्हणून नाकावर नाही, डिटेक्टरवर विश्वास ठेवायचा. परमिटशिवाय ठिणगी पाडायची नाही. हेल्पर असताना दोन वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. चांगल्या प्लांटमध्ये ॲप्रेंटिसला ते सुरुवातीलाच शिकवतात.

त्यानंतर आखातात जायचं असेल तर खुशाल जा. एजंट सरकारी यादीत नोंदलेला आहे का ते बघा. त्याला फी म्हणून तीस हजार रुपये आणि जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. पावती घ्या. व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नका. करारात पदाचं नाव काय लिहिलंय ते सही करण्याआधी स्वतः वाचा. मी वाचलं नव्हतं.

घरी गेल्यावर एवढंच करा : जवळच्या आयटीआयमध्ये कोणते ट्रेड आहेत आणि प्रवेशाची शेवटची तारीख कोणती, ते विचारून या. काही अडलं तर मी इथेच आहे, येऊन भेटा.