मुळाशी कोण आहे?



जालन्याच्या मोसंबीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिच्या मुळांवर एक सूत्रकृमी जगतो. मादी तोंडाकडून अर्धी मुळात घुसते, अर्धी बाहेर राहते. म्हणून कॉब यांनी १९१३ मध्ये नाव दिलं ‘टायलेंक्युलस सेमीपेनिट्रान्स’, अर्धवट शिरणारा. इथे रूपावरून ओळख पटते.

टोमॅटो, पेरूच्या मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचं तसं नाही. मादीच्या मागच्या टोकावरच्या रेषा बोटांच्या ठशांसारख्या तपासतात; पण ‘इन्कॉग्निटा’ आणि ‘एन्टरोलोबी’ यांच्या रेषा इतक्या सारख्या, की जाणकारही फसतात. गाठी-प्रतिकारक टोमॅटो साधारणपणे पहिलीला रोखतो, दुसरीला नाही. ओळख चुकली की बियाण्याचा पैसा मातीत. तिथे डीएनए लागतो.

डीएनए म्हणजे चार अक्षरांचा मजकूर. तो जुळवणं आम्हा संगणकवाल्यांचं काम. पण ज्या नोंदीशी जुळवायचं, तिच्यावरचं नाव आधी कुणीतरी सूक्ष्मदर्शकातून पाहूनच ठरवलेलं असतं. तेच चुकलं, तर संगणक ती चूक झपाट्याने पसरवतो. म्हणून डोळा आणि डीएनए, दोन्ही हवेत.

बागायतदार मित्रांनो, बाग पिवळी पडली तर औषध आणण्याआधी पांढऱ्या मुळांसकट ओली माती घेऊन खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा.