भजनाला कोण कुठे बसते

मी पेडणे तालुक्यातल्या कोरगावचा. आमच्याकडे देवाचा विषय निघाला की गाण्याचा निघतोच. श्री कमळेश्वराच्या देवळातले भजन, चवथीला घरोघरी होणाऱ्या घुमट-आरत्या, शिमग्यातले ढोल. पेटी, पखवाज आणि झांज यांच्यावाचून इथल्या माणसाला प्रार्थना अपुरी वाटते. म्हणूनच एक प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. ज्या संतांचे अभंग आपण डोळे मिटून गातो, ते स्वतः आपल्या सभामंडपात आले असते, तर आपण त्यांना कुठे बसवले असते?

चोखोबांचेच घ्या. मंगळवेढ्याला बांधकामावर राबताना भिंत कोसळली आणि त्यातच त्यांचा अंत झाला. पंढरपुरात त्यांची समाधी आहे ती देवळाबाहेर, महाद्वारासमोर. पुढे शतकानुशतके त्यांचे अभंग आत गेले आणि त्यांची माणसे बाहेर उभी राहिली. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजी प्राण पणाला लावून उपोषणाला बसले, तेव्हा कुठे ते दार उघडले. गुरुजी हाडाचे भक्त होते. विठ्ठलावर माया होती म्हणूनच त्यांनी बडव्यांशी वाद घातला. श्रद्धा आणि न्याय यांची फारकत त्यांना मान्यच नव्हती, आणि मलाही ती पटत नाही.

आता आपल्या गोव्याकडे येऊ. पेडणे, डिचोली या नव्या काबिजादी. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्या पोर्तुगिजांकडे गेल्या, तोवर देवळे पाडण्याचा काळ सरला होता. आमची देवळे राहिली. देवळांबरोबर मानपानाची जुनी उतरंडही राहिली. पालखीपुढे कोणी चालायचे, कौल कोणी घ्यायचा, प्रसाद आधी कोणाच्या हातावर पडायचा, सगळे ठरलेले.

या उतरंडीत सर्वांत जास्त अन्याय झाला तो गाणाऱ्यांवर. गोव्यातल्या मोठ्या देवस्थानांत पिढ्यान्‌पिढ्या कलावंत घराण्यांनी गायन-वादनाची सेवा केली. उत्सवाला त्यांचे गाणे हवे, मात्र त्या बाईला लग्नाचा आणि घरसंसाराचा मान नको. मुलीचा शेंसविधी करून तिला देवाच्या सेवेला वाहायचे, आणि मग गावातल्या धनवंताने तिला आश्रित म्हणून ठेवायचे. तिच्या पोरांनी बापाचे नाव कुठून सांगायचे? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या समाजातलीच माणसे त्याविरुद्ध उभी राहिली. पैंगीणचे राजाराम पैंगीणकर त्यांतले आघाडीचे. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नाव दिले ‘मी कोण?’. मुलींना शेंसविधीतून सोडवणे, शाळेत घालणे, त्यांची रीतसर लग्ने लावणे, असे हे काम होते. गोमंतक मराठा समाज या नावाने ही माणसे संघटित झाली. आधार देणारे थोडे, नावे ठेवणारे फार, अशा दिवसांत त्यांनी हे निभावले. गोव्यातल्या समाजसुधारणेत मला याहून मोठे पाऊल दिसत नाही.

केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिका याच परंपरेतून वर आल्या. 1977 मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर पृथ्वीवरचे निवडक संगीत अवकाशात गेले, त्यात केसरबाईंची भैरवी आहे. त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या.

आणि मुक्तीनंतर गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले ते भाऊसाहेब बांदोडकर, याच समाजातले, आमच्या पेडण्यात जन्मलेले. 20 डिसेंबर 1963 रोजी त्यांनी कारभार हाती घेतला. खेडोपाडी मराठी शाळा निघाल्या, 1964 मध्ये कूळ कायदा आला. पुढे त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत मुंडकारांच्या, म्हणजे जमीनदार भाटकाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या, घराला आणि कुळाच्या शेताला कायद्याने आणखी बळ दिले. भाटकाराच्या दारी राबणाऱ्या माणसाच्या भजनाला त्यामुळे वेगळाच जोर चढला असणार. उद्या घरातून काढतील ही धास्ती असताना माणूस गातो तेही खरे गाणेच, पण त्याचा आवाज दबलेला असतो.

घुमटाकडे पाहिले की मला वाटते, आपल्या हाताशी केवढी मोठी गोष्ट आहे! कुंभाराने घडवलेले मातीचे भांडे, मोठ्या तोंडावर कातडे, धाकटे तोंड उघडे. एका हाताने थाप मारायची आणि दुसऱ्या तळव्याने धाकट्या तोंडाची उघडझाप करत नाद घुमवायचा. पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत. वन्यजीव कायद्याने ते बंद झाल्यावर बकऱ्याचे आले. चवथीला शामेळ आणि कासाळ्यांबरोबर आरतीत वाजते ते घुमट, आणि ख्रिस्ती घरात मांडो गाताना वाजते तेही घुमटच. 2019 मध्ये सरकारने त्याला राज्याच्या वारसा वाद्याचा मान दिला. कला अकादमीच्या भजन आणि घुमट-आरतीच्या स्पर्धांत आता महिलांची आणि मुलांची पथके उतरतात. मुली घुमट गळ्यात अडकवून असे वाजवतात की जाणते वादक माना डोलवतात.

देवस्थानाच्या वहीत मात्र अजून जुनेच चालू आहे. 1933 चा पोर्तुगीजकालीन देवस्थान नियमन कायदा आजही लागू आहे. महाजनकी, म्हणजे देवळाच्या कारभारातला हक्क, वंशावर चालते, आणि बहुतेक ठिकाणी नाव बापाकडून मुलाकडे जाते. ज्या मुलीचा अभंग ऐकायला मंडप भरतो, तिला देवळाच्या सभेत मत नाही. देवळातल्या भजनी सप्ताहात ज्या वाड्याची पाळी कधी लागतच नाही, त्या वाड्यातही देवाला मानणारीच माणसे राहतात. चवथीची आरती काही घरांसमोरून न थांबता पुढे जाते, तेव्हा त्या घरातल्या पोरांना काय वाटत असेल?

कायदा बदलायचे काम विधानसभेचे, आणि तो बदल मागायला हवा. पण सप्ताहाची पाळी लावणे, आरतीची वाट ठरवणे, भजनाच्या बैठकीत कोणाला पुढे बोलावायचे हे पाहणे, याला कोणत्याच कायद्याची आडकाठी नाही. ते गावाच्या हातात आहे. येत्या चवथीपूर्वी आमच्या वाड्यावर आरतीची बैठक होईल, तिथे मी हा विषय मांडणार आहे. तुमच्या गावात तो कोण मांडेल, हे तुम्ही ठरवा.