वाढलेल्या वर्षांचं काय करायचं?

(शताब्दी सोहळ्यात काल्याच्या आदल्या दिवशी, दुपारी झालेलं भाषण. वक्त्यांची बोली जशीच्या तशी ठेवली आहे.)



विणेकरी बाबा, टाळकरी, पखवाजी मंडळी, डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या माय-बहिणी, आणि मंडपाच्या कडेला उभी असलेली तरुण पोरं. पोरांनो, बसून घ्या. मी कीर्तनकार नाही, लवकर आटोपतो.

मी आरोग्य खात्यातला माणूस. विहिरीत टीसीएल पावडर टाकायची, लेकरांना डोस पाजायचे, ताप आलेल्याचं रक्त काचेवर घ्यायचं, यात नोकरी गेली. त्यामुळे मरणाची भीती मी लई जवळून पाहिली. लोकांचीबी आणि माझीबी.

या पुस्तकासाठी दिंडीची जुनी वही काढली होती. पहिल्या पानांवरची नावं बघा. भिका, दगडू, धोंडू, कचरू, धुडकू, उखर्डू. आज ही नावं ऐकून पोरं हसतात. पण ती नावं भीतीतून ठेवलेली आहेत. आधीची दोन-तीन लेकरं गेली की पुढच्याला मुद्दाम दगड म्हणायचं, कचरा म्हणायचं. म्हणजे मरणाला वाटावं, हे न्यायच्या लायकीचं नाही. कुणी लेकरू उकिरड्यावर ठेवून परत उचलून आणी, कुणी सुपात घालून दुसऱ्याकडून चिमूटभर धान्याला विकत घेई. आताच्या यादीत असं एकबी नाव नाही. एवढ्या एका गोष्टीवरनं कळतं, शंभर वर्षांत काय बदललं ते.

आपली दिंडी निघाली त्याच्या सात-आठ वर्षं आधीची गोष्ट, 1918 ची मानमोडी. त्याआधी 1896 ला मुंबईत गाठीचा ताप आला आणि तो पुढं वर्षानुवर्षं गावोगाव फिरला. 1921 ची खानेसुमारी झाली तेव्हा देशाची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा कमी भरली. तेव्हा सरासरी आयुष्य होतं विसाच्या आसपास. याचा अर्थ विसाव्या वर्षी सगळे मरत असा नाही हं. पाळण्यातली लेकरं आणि बाळंतपणातल्या बाया इतक्या जात की सरासरी खाली येई. 1951 च्या सुमारास ती 32 झाली, आज सत्तरच्या आसपास आहे. देवीचा रोग गेला. 1977 मध्ये आपला देश देवीमुक्त जाहीर झाला. पोलिओ गेला, 2014 मध्ये. त्यात आमच्या खात्यातल्या माणसांच्या चपला झिजल्या, हे जाता जाता सांगून घेतो, कारण दुसरं कुणी सांगत नाही.

आता बघा, ज्यांच्याजवळ आयुष्य कमी होतं ते निघत होते. वाटेत पटकी, पंढरीत पटकी, चंद्रभागेचं पाणी तसंच प्यायचं. घरची माणसं वेशीपर्यंत येत, ती परत भेट होईल का नाही या हिशोबानं. तरी दोंडाईचा, धुळे, मालेगाव, मनमाड, नगर, करमाळा असं चालत जात. त्यांना भीती नव्हती असं मी म्हणणार नाही. ज्यानं लेकराचं नाव दगडू ठेवलं त्याला भीती नव्हती कशी? पण ती भीती म्हणायची, यंदा जाऊन घे, पुढचं कुणी पाहिलंय. आपली भीती म्हणते, यंदा राहू दे, पुढं आहेच की.

आपण काय करतो? पोरांची शिक्षणं होऊ दे, मग. पोरीचं लग्न होऊ दे, मग. रिटायर झाल्यावर तर जाऊच. आणि रिटायर झालो की गुडघे, साखर, बीपी. साठीला पोचलेल्या माणसाला आज सरासरी आणखी सतरा-अठरा वर्षं मिळतात. आपल्या पणज्यांच्या हिशोबानं हा दुसरा जन्मच. तो आपण ओट्यावर बसून, गोळ्यांचे डबे मोजत घालवतो.

हे मी तुम्हाला शिकवत नाही. माझ्या घरात घडलं ते सांगतो. माझी माय चौदा वर्षं या दिंडीत चालली. अडुसष्टाव्या वर्षी तिला साखर निघाली. मी आरोग्य खात्यातला, मला सगळं जास्त कळतं ना! म्हटलं, आता बंद. ती म्हणाली, "जाऊ दे मले." मी नाही म्हटलं. पुढच्या वर्षीबी नाही म्हटलं. मग तिनं विचारणंच सोडलं. माय चौऱ्याऐंशी वर्षं जगली. सोळा वर्षं. आषाढात दिंडी गल्लीतनं निघाली की ती ओट्यावरनं उठून आत जाई. शेवटच्या आजारात एकदाच बोलली, "तू मले वाचाडं खरं भाऊ. पन कसाकरता?" मला उत्तर आलं नाही. अजूनबी येत नाही.

आपल्या तापीवरचीच गोष्ट घ्या. सारंगखेड्याला जे पाणी आपण बघतो ते वरून चांगदेवहून येतं. तिथं तापी-पूर्णेचा संगम आहे, चांगदेवाचं देऊळ आहे. कथा तुम्हाला पाठ आहे. काळ आला की चांगदेव प्राण वर चढवून समाधीत बसायचे, काळ परत गेला की उठायचे. असं चौदाशे वर्षं चाललं. आणि त्यांना गुरू कोण भेटलं? मुक्ताई. एवढीशी पोर, जी पुढं अठराव्या वर्षी त्याच तापीकाठी गुप्त झाली. माउलींनी एकविसाव्या वर्षी समाधी घेतली. चांगदेवांनी चौदाशे वर्षं काळाला चुकवलं, पण पत्र लिहायला बसले तर मायना सुचेना, कागद कोराच पाठवला. मला आता त्या कोऱ्या कागदात माझ्या मायची सोळा वर्षं दिसतात.

आता मुद्द्यावर येतो. मागच्या साली करमाळ्याच्या पुढं एक आजी उन्हानं पडली. सुदैवानं बरी झाली. पण तेव्हापासून समितीपुढं ठराव आहे, सत्तरीच्या पुढच्यांना पायी न्यायचं नाही. ठराव मांडणाऱ्यांची काळजी खरी आहे. मी मात्र विरोधात मत देणार आहे, आणि का ते तुम्हाला आत्ता कळलं असेल.

त्याऐवजी असं करा. जायच्या महिनाभर आधी सरकारी दवाखान्यात बीपी, साखर तपासून घ्या. गोळ्या वारीच्या दिवसांपेक्षा दहा दिवस जास्तीच्या ठेवा, अर्ध्या पिशवीत आणि अर्ध्या टेम्पोत. म्हाताऱ्यांनी सकाळची चाल चालावी, ऊन चढलं की टेम्पोत बसावं. त्यासाठी टेम्पोत सामान कमी भरा; तीन-तीन गाद्या कशाला लागतात? ज्यांना तेवढंबी जमत नाही त्यांना पंचाहत्तरीनंतर एसटी फुकट आहे, ते वाखरीला येऊन मिळतील. आणि जायचं का नाही ते म्हाताऱ्यानं स्वतः ठरवावं. पोराची सही मागायची नाही.

आणखी एक भीती आहे, ती कुणी मंडपात बोलत नाही. पोरं सांभाळतील का? या भीतीनं काही जण सगळं शेत पोरांच्या नावावर करून टाकतात, का तर प्रेम टिकावं. काही जण घर एकटं सोडतच नाहीत. 2007 चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. बक्षीसपत्रात सांभाळायची अट लिहून घ्या. नाही सांभाळलं तर प्रांतसाहेबांकडं अर्ज करून ते रद्द करून मागता येतं. अट लिहिली म्हणून पोरावर अविश्वास झाला असं नाही. ज्यांना कागद समजत नाही त्यांनी भजनानंतर माझ्याकडं या.

मी स्वतः अजून एकदाबी पूर्ण पायी गेलेलो नाही. नोकरीत रजा मिळायची नाही, हे अर्धं खरं होतं. आता उजवा गुडघा दुखतो. यंदा नाव दिलंय, घरच्या मंडळींचंबी दिलंय. मायची तुळस तिच्या डोक्यावर राहील. धुळ्यापर्यंत तर चालतो. तिथं गुडघा काय म्हणतो ते पाहू.

नोंदणीची वही दुपारपासून स्वयंपाकाच्या मंडपाजवळ ठेवली आहे. रामकृष्ण हरी.