न दिसणारे गिऱ्हाईक



गुरुजींच्या स्मृत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत एका विक्रेत्याला बोलावले, हा मी माझा बहुमान समजतो. विषय माझ्या नोकरीचाच आहे : घरी बसून, दूरध्वनीवरून माल विकण्याचा.

माझे वडील सुरतेहून साड्यांचे गाठोडे घेऊन ताप्ती खोऱ्याच्या लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरच्या बाजारांना जात. वाटेत खिडकीतून कपाशी पाहत. पीक जोमात असले तर उधारी देत. करपलेले दिसले तर महागडी साडी गाठोड्यातून काढतच नसत.

मी सुरतेच्या रिंगरोडवरील कापडबाजारात नोकरीला होतो. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी झाली, बाजार बंद पडला आणि माझी नोकरी गेली. पुढे त्याच लोहमार्गावरील चलथाणला, दोन खोल्यांच्या घरात बसून, हप्त्यांवर गृहोपयोगी वस्तू विकण्याचे काम मिळाले.

जाण्यायेण्याचा खर्च वाचला, हे खरे. पण घराचेच दुकान झाले. मी फोनवर असताना मुलगी दबक्या पावलांनी वावरायला शिकली. पगार तुटपुंजा, बाकी कमिशन. माल परत आला की तेही कापले जाई. बाजारात नकार मिळाला तर शेजारचा सोबती चहा पाजून धीर देई. येथे दिवसभराचे नकार आणि शिव्या एकट्यानेच पचवायच्या.

हे सारे सोसले. एक गोष्ट मात्र सोसवली नाही. अमळनेरकडच्या एका आजींना मी मिक्सर विकला. प्रत्येक वाक्याला त्या "हो बाबा" म्हणत होत्या. तो होकार नसून नुसता हुंकार आहे, हे मला आवाजावरून कळत होते. पण महिनाअखेर होती. मी मागणी नोंदवली. दुसऱ्या हप्त्यासाठी माणूस दारी गेला, तेव्हा त्यांचा मला फोन आला : "बाबा, पैसे तर दिले होते ना?"

वडिलांनी त्यांचा चेहरा पाहून गाठोडे बांधले असते. चेहरा दिसत नसला की समजूनही न समजल्याची सबब आयती मिळते. या नोकरीचा सर्वांत मोठा तोटा मला हाच वाटतो.

मी तो मिक्सर परत घ्यायला लावला; कमिशन गेले. नोकरी अजून तीच आहे, कारण घर तिच्यावर चालते. मात्र हप्ता किती महिने भरायचा, हे आता मी आधी गिऱ्हाइकाकडूनच वदवून घेतो. विक्री कमी होते.

उत्तर बरोबर आले तरी गुरुजी रीत विचारीत. ती दाखवायलाच आज येथे उभा राहिलो.